नदीपल्याडची हाळी

"परशाऽऽ… ओ परशाऽऽ… जेवलास काऽऽ?"

दिवस कलला की पल्याडच्या काठावरून ही हाळी यायची. आधी पाण्यावर उतरायची, पाण्यावरून चालत अल्याडच्या उसात शिरायची आणि पानापानाला धक्का देत परशरामच्या कानाशी येऊन टेकायची. तंबाखूचे शेंडे खुडून त्याचे हात चिकट झालेले असायचे. तसेच ते तोंडाशी धरून तो ओरडायचा, "जेवलोऽऽ! तूऽऽ?"

जेवलेला नसला तरी 'जेवलो'च म्हणायचा. नाहीतर तिला तिकडे घास गेला नसता.

सोनाबाई त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे परशरामला आईचा म्हणून जो हात आठवतो, तो सोनाबाईचाच. तिला दिली ती नदीच्या समोरच्या गावात. मधे नुसती दूधगंगा. पण अल्याड कर्नाटक, पल्याड महाराष्ट्र. गाडीनं जायचं तर कोगनोळीचा नाका, मग पूल, मग कागलवरून उलटं वळून गाव. हाळीला नाका नव्हता. ती सरळ यायची.

धुणं आपटता आपटता सोनाबाई गायची, तेही वारा असेल तर अल्याड ऐकू यायचं:

*नदीच्या गं पैलथडी दिवा कुणाचा मिणमिण*
*माझ्या पाठच्या भावाचं जागं अजून अंगण*

आणि परशराम खरोखरच अंगणातला दिवा जरा उशिरापर्यंत ठेवायचा.

हाळीत सगळं मात्र बोलता यायचं नाही. दोन गावं ऐकत असायची. गाय व्याली, पावणे आलेत, पंचमीला न्यायला मुराळी धाडतोय, इतकंच. आतलं बोलणं मागं राहायचं, भेटीसाठी म्हणून. आणि भेट झाली की परशरामची जीभ टाळूला चिकटायची. बहिणीसमोर बसून तो चहा प्यायचा, ऊसतोडीचं बोलायचा आणि चपला घालायचा.

"तुमास्नी माणूस लांब असल्याबिगर बोलाय येत न्हाय बगा," त्याची बायको मंगल म्हणायची. "मला बी एकदा पल्याड नेऊन ठेवा. काय तर गोड बोलशीला."

मग फोन आला. परशरामला वाटलं, आता बरं झालं. माणूस लांबचं लांब, आणि ऐकायला तिसरं कुणी नाही. पण फोनला नदी कळायची नाही, टॉवर कळायचा. सोप्यात बसलं की फोन कर्नाटकात, अंगणात आलं की महाराष्ट्रात. अंगणात उचलला की रोमिंग लागायचं आणि शिल्लक गटागटा संपायची. "आक्का, थांब गं, आत जातो," म्हणत तो सोप्यात पळायचा, तोवर तिच्याकडचा आवाज तुटायचा. शेवटी दोघांनी मिस्ड कॉलवर भागवलं. एक घंटा, म्हणजे बरं आहे. हाळीचंच काम, पण बिनआवाजाचं.

पुढे रोमिंग गेलं. कितीही बोला, पैसे नाहीत, असे दिवस आले. तेव्हा बोलणं लांबलं आणि पातळ झालं. हाळी तर कधीच बंद पडली होती. एकदा जुन्या सवयीनं परशराम घाटावर ओरडला, तर मुलगा युवराज हसला होता. "आप्पा, फोन खिशात हाय आन् हाळी काय मारताय? लोक काय म्हंतील?"

परशरामनं हात खाली घेतले होते. ते तेव्हापासून खालीच.

गेल्या साली सोनाबाईचे मालक वारले. तिचा मुलगा मंथन पुण्याला नोकरीत. त्यानं ठरवलं, घराला कुलूप लावायचं आणि आईला घेऊन जायचं. जायचा रविवार ठरला. सोनाबाई कुणाला नाही म्हणाली नाही आणि हो तरी कुठं म्हणाली! नुसती भांडी आवरत राहिली.

परशरामला एकच सांगायचं होतं. जाऊ नको, माझ्या घरी ये. मंगलनं तर मागची खोली झाडून, नवी चादर घालून ठेवली होती.

"मी सांगू वन्संस्नी?" तिनं विचारलं.

"नगं. भावानं बोलवाय पायजे. मुराळी म्हणून कुणी बायकू धाडतं व्हय?"

"मग बोलवा की. आठवडाभर त्वांड शिवून बसलाय."

"फोन लागू दे तर."

फोन लागत नव्हता, हे खरंच होतं. बेळगावात नोकरीला असलेल्या युवराजनं घरच्या सगळ्यांचे नंबर मिळून एक योजना घेतली होती. फोन, इंटरनेटचा डबा, टीव्ही, सगळं एकात, आणि करार वर्षाचा. सही घेताना कंपनीचा पोरगा लई गोड बोलला होता. मग कळलं की यांच्या वाडीपर्यंत कंपनीची तारच येत नाही. डबा कोनाड्यात बसला, त्यावर मंगलनं हळदी-कुंकवाचा करंडा ठेवला. युवराजनं योजना बंद करा म्हणून सांगितलं. कंपनी म्हणाली, करार मोडता येत नाही, मोडायचा तर दंड. युवराज म्हणाला, तार नाही तर दंड कशाचा? या भांडणात घरचे सगळे नंबर तोडले गेले. जाणारे बंद, येणारे बंद. दुसऱ्या कंपनीत जावं तर नंबर सोडत नाहीत. परशराम निपाणीच्या दुकानात दोनदा जाऊन आला. तिथला माणूस पडद्याकडे बघून म्हणाला, "सिस्टीममधी तुमचा करार चालू दाखवतोय, अण्णा."

"मग फोन बी चालू दाखव की."

"त्यो बंद दाखवतोय."

एक नंबर तेवढा लागत होता, कंपनीच्या तक्रारीचा. ज्याच्याशी बोलायचं नाही, तोच तेवढा उचलत होता.

शनिवारी दुपारी परशराम अंगणातल्या बाजेवर बसून तो नंबर लावत राहिला. कन्नडसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. मराठीसाठी काहीच नाही. त्यानं एक दाबला. बाजारात तंबाखू विकून विकून कन्नड त्याला पुरेसं येत होतं. गाणं वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. शेवटी एक मुलगी बोलली. कराराचं कलम, थकबाकी, वरिष्ठांकडे पाठवते, सगळं पाठ केल्यासारखं. परशरामचं कन्नड मधेच संपलं आणि तोंडातनं आपली बोली सुटली.

"बाई, त्यो करार घाल चुलीत. मला एकच फोन करायचा हाय. एकच."

तिकडचा आवाज खाली आला. "अण्णा, मी बेळगावची, अनगोळची. मराठीत बोला. पर हळू बोला, हितं ऐकतात."

परशराम बाजेवर सरळ बसला. "आक्का माझी उद्या पुण्याला चाललीया. तिला थांब म्हणायचं हाय."

"लांब ऱ्हातात काय?"

"न्हाय गं. नदीच्या पल्याड. हितनं घर दिसतंय."

मुलगी हसली नाही. "मला बी घरात समोर बसून काय बोलाय येत न्हाय, अण्णा," ती म्हणाली. "दिवसभर हितं बोलते, घरला जाऊन गप." मग तिचा आवाज पुन्हा वर चढला, कन्नड झाला. तक्रार नोंदवली आहे, सात दिवस लागतील. शेवटी यंत्र म्हणालं, या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

परशरामनं पाच दाबला. तिच्यासाठी.

"झालं?" मंगल दारात उभी होती. "भावकूचा फोन घिऊन या की शेजारनं."

"घरचं बोलणं दुसऱ्याच्या फोनवर?"

"मग काढा मोटारसायकल, जावा."

"गुरुवारी गेलतो की."

"गेलतासा. चहा पिऊन आलासा." ती जवळ आली, हळू बोलली. "फोनचं नाव सांगू नगासा आता. उद्या त्या घराला कुलूप लागंल."

तो उठला आणि उसातल्या पायवाटेनं घाटाकडे गेला.

घाट आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. पायऱ्यांवर मोटारींचे पाइप पडलेले, दोन्ही काठांना पंप घुंईऽ करत पाणी ओढत होते. त्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. परशराम पायरीवर बसला. पल्याड कुणीतरी उतरत होतं. पांढऱ्या केसांचं, हातात ताट घेतलेलं. मागे मोबाईल बघत मंथन.

सोनाबाई नदीची ओटी भरायला आली होती. गाव सोडताना नदीला विचारून जातात, म्हणून. तिनं पाण्याला हळदी-कुंकू लावलं, खण वाहिला, नारळ सोडला. नारळ जरा तिथंच घुटमळला, मग प्रवाहाला लागला. ती पदर सावरून उभी राहिली, आणि वळली.

तेवढ्यात दोन्ही काठांची शेतीची लाईट जायची वेळ झाली.

एकेक पंप धापा टाकत थांबला. अल्याडचे, मग पल्याडचे. आणि अचानक नदी ऐकू यायला लागली. किती वर्षांनी! दगडाला वळसा घालून जाणारं पाणी, उसातली सळसळ, कुठंतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा.

परशराम उभा राहिला होता. हात आपोआप तोंडाशी गेले होते.

"आक्काऽऽ!"

सोनाबाई जागच्या जागी थांबली. वळली. कपाळावर हात धरून तिनं पाहिलं.

"काय रंऽऽ?"

आवाज पातळ झाला होता, पण तोच.

"जेवलीस काऽऽ?"

"अजून न्हायऽऽ! तूऽऽ?"

"जेव…" एवढं म्हणून तो अडला. "न्हायऽऽ! म्या बी न्हायऽऽ!"

पल्याड धुणं धुणाऱ्या बायका हसल्या. मंथननं फोनमधून मान वर केली. अल्याड बांधावर भावकू वैरणीचा भारा तसाच डोक्यावर घेऊन उभा राहिला. दोन गावं ऐकत होती.

"काय झालं रंऽऽ? घसा बसलाय काऽऽ?"

परशरामनं चिकट नसलेले हात धोतराला पुसले. पुन्हा तोंडाशी धरले.

"जाऊ नगंस, आक्काऽऽ! घरला येऽऽ! मंगलनं खोली झाडलीयाऽऽ…"

पलीकडे ताट तिच्या हातात तिरकं झालं होतं, उरलेले तांदूळ पाण्यात सांडत होते. आणि मग, खोलीच्या आणि चादरीच्या मागं आयुष्यभर दडवलेलं जे होतं, ते त्यानं पाण्यावर सोडलं.

"मला तुझ्याबिगर करमायचं न्हाय गंऽऽ!"