निळ्या केसाच्या पोरीनं शपथ मोडली

खोटं बोलत असन तं या जिभेले पाण्याचा थेंब भेटू नये — मोबाईलच्या तडकलेल्या काचेत ती कार्टूनातली निळ्या केसाची पोरगी रडून राह्यली होती, अन् कोणासाठी, तं त्या एकडोळ्या सेनापतीसाठी, ज्यानं तिच्या भावाले जित्तं जाळलं होतं... अन् गंगूच्या हातातली मेथीची जुडी अर्धीच बांधलेली राह्यली. यातला शब्द अन् शब्द खरा आहे, इंझोरीत कोणालेही विचारा.

"मांग कर वं," गंगू नातीले म्हणे. "काही सुटलं असन."

"काही नाही सुटलं आजी," सायली म्हणे. "तो नदीत पडला, इनं उडी मारली, काढला. बस."

"अन् शपथ?"

"या टायमाले गोष्ट लिहिणारे बदलले म्हणतेत. पाहणारे सारेच शिव्या देऊन राह्यले."

लिहिणारे बदलले. हाकणारा बदलला म्हणून बैल दूध देईन काय? गंगूनं जुडी अशी आवळली की मेथीची देठं तुटली. पहिले पहिले ते जपानी कार्टूनातले मोठ्या डोळ्याचे लोक तिले घुबडावानी वाटत; नातीसंगं जुड्या बांधता बांधता पाहायची, हिंदीत बोलत म्हणून समजायचंही — अन् मंग एका दिवशी त्या पोरीनं भावाच्या राखेत हात घातला, म्हणे, ज्या घाटावर तो सेनापती पाणी पिईन त्या घाटाले मी शिवणार नाही... तेव्हा गंगूच्या छातीत खुंटा ठोकल्यावानी झालं होतं. अशी पाह्यजे बाई. एकदा बोलली की बोलली.

कारण तशी शपथ गंगूचीही होती. विहीर सामायिक, एक दिवस गंगूचा, एक दिवस जिजाबाईचा, तिच्या मोठ्या जावेचा. ज्याची पाळी संपली त्यानं बांधावरून हाक मारायची, पाणी घ्या वं — सासूच्या काळापासून तसंच. अन् देवमन, गंगूचा नवरा, वाशिमच्या दवाखान्यात पडला होता तेव्हा जिजाबाईनं गंगूच्या पाळीचं पाणी आपल्या कांद्याले दिलं, इकडं वांग्याची रोपं उभ्यानं वाळली... रोपाचं जाऊ द्या. देवमनले चादरीत गुंडाळून घरी आणलं तेव्हाही ती मोटर चालूच होती. तो आवाज. रडणाऱ्या बायांच्या वरून, घरघर, घरघर. मंग गंगू विहिरीवर उभी राहून बोलली, आजपासून तुह्यासंगं बोलणार नाही, तुह्या पाण्याकडं पाहणार नाही — अशी बोलली की विहिरीतली बेंडकं आठ दिवस गप होती. तेव्हापासून हाक नाही. पाळी संपली की रॉकेलचा जुना डबा वाजवायचा.

"लिह त्यायले," गंगू म्हणे. "लिह, इंझोरीची गंगू म्हणते, तुमाले बाई समजत नाही. काही कारण नाही, काही नाही, अन् उडी मारते."

"मराठीत लिहू?"

"मंग कायच्यात? जपानात कोणी शाळा शिकलं नाही काय?"

सायली हसली, बोटं चालवू लागली, अन् मान वर न करताच म्हणे, "आजी, काल जिजाआजीचा पाट फुटला होता, तो तू काहून बुजवला?"

...पाहत होती तं. ही कारटी पाहत होती.

"बुजवला नाही. तिकडून चालली होती. फावडं बांधावरच पडलं होतं, हाताले लागलं, दोन ढेकळं टाकली. पाणी वाया जाऊन राह्यलं होतं."

"तिच्याच पाळीचं होतं ना पण? पाहणार नव्हती तू."

"मेथी बांध गुमान."

राग आला — सायलीचा, जपानवाल्याचा, त्या पाटाचा. गढूळ पाणी रस्त्याच्या नालीत चाललं होतं अन् पलीकडं जिजाबाई, कंबरेतून वाकलेली, साडीचा ओचा धरून हातानंच माती ओढत होती... हातानं. मोटर घरघरत होती तशीच. देवमन, तुमी पाहून राह्यले असान तं तोंड फिरवा. हे कोणाच्या डोक्यातून निघालं? गंगू तं अशी नव्हती. गंगूचा लिहिणारा कोण बदलला?

दिवस कलला. गंगूची पाळी संपली, तिनं मोटर बंद केली, डबा उचलला. जिजाबाई तिकडं कांद्यात बसली होती, कान इकडंच. डबा वाजवला की झालं. पण घशात ती जुनी हाक येऊन अडकली, लिंबाच्या बीवानी, ना गिळता येते ना थुंकता... डबा हाती तसाच. अन् अशा टायमाले गंगूले वाटलं ते काय, तं घरी जाऊन मोबाईलवर ती नदी पुन्हा पाहावी — उडी मारायच्या आधी त्या पोरीचं तोंड कसं होतं, ते रागाच्या भरात नीट पाह्यलंच नव्हतं.

सारं खरं आहे. बेंडकंही. फक्त ते फावडं बांधावर पडलेलं नव्हतं. पाट फुटलेला दिसला तशी घरी परत गेली, गोठ्यातून फावडं काढलं, अन् तेवढी वाट पुन्हा तुडवत घेऊन गेली... मी.