शालिग्रामच्या नावेचं इंजीन

मी तापीवरच्या नावेचं एक जुनं इंजीन आहे. मित्रांनो, माझ्या उडालेल्या रंगावर जाऊ नका. इंग्रजी अमदानीत विलायतेत माझं बिडाचं अंग ओतलं गेलं. जहाजानं मुंबई, आगगाडीनं बऱ्हाणपूर आणि तिथून बैलगाडीनं तापीचा राजघाट! एवढी दुनिया पाहून शेवटी बैलांच्या मागे बसावं लागलं, याचा मला जरा रागच आला होता.

शालिग्राम नावाड्यानं मला नावेत बसवलं. पैलतीरावरच्या जैनाबादची माणसं तो बाजाराला आणायचा आणि संध्याकाळी परत सोडायचा. वल्ह्यांच्या नावा मागे राहायच्या, मी फटफट करत पुढे. "शालिग्रामभो, तुह्या नावेले तं पाय फुटले!" असं म्हणत लोक मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे, आणि मीही खुशाल चढायचो.

मग मोठी लढाई लागली. पेट्रोल मिळेना. शालिग्रामनं मला नावेतून काढून लोधीपुऱ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत ठेवलं. माझ्या डोक्यावरचा प्लग काढून त्या भोकात तेलात भिजवलेलं फडकं कोंबलं, म्हणजे आत ओल जायला नको. पुढच्याच उन्हाळ्यात तो तापानं गेला. जाताना बायकोला, धुरपदाबाईला म्हणाला, "इंजीन सांभाळजो. लढाई सरली की पंडित नाव चालवीन." पंडित हा त्यांचा मुलगा.

धुरपदाबाईनं मला देवासारखं सांभाळलं. खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात, तेव्हा मला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. पहिल्याच नवमीला तिला ते मळकं फडकं दिसलं. देवाच्या तोंडात चिंधी कशी ठेवायची? तिनं ती उपसून फेकली आणि नारळाचं पाणी पळीनं थेट आत सोडलं. मग दर नवमीला तेच. मला ओरडता येत नव्हतं. पण तिचा माझ्यावर इतका जीव होता, की ओरडता आलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो.

लढाई संपली. पंडितनं हॅण्डल लावलं, पण चाक जागचं हलेना. त्यानं पहार उचलली. "जाम झालं, माय. नाही फिरलं तं भंगारात देतो अन् मी गिरणीत लागतो."

धुरपदाबाईचा चेहरा उतरला. इंजिनाबरोबर नाव जाणार होती आणि नवऱ्याला दिलेला शब्दही. "पहिले कोनाले दाखव तं," ती म्हणाली.

कापसाच्या जिनिंगमधून गजानन मिस्त्री आला. त्यानं आधी पहार काढून घेतली. "जबरदस्ती नको, पंडितभाऊ. अटकलं कुठी ते पाहू द्या." त्यानं दातेरी चक्रं सोडवली, ती मोकळी फिरत होती. मग तारेला कापूस गुंडाळून डोक्यावरच्या भोकातून आत फिरवला. कापूस गंजानं लाल होऊन वर आला. त्याला झेंडूची एक काळपटलेली पाकळी चिकटली होती.

"आत पानी गेलं. दट्ट्या गंजून चिकटला," गजानन म्हणाला. "पानी टाकलं कोनं?"

धुरपदाबाईनं पाकळी ओळखली. "मीच पाजलं रे, दर नवमीले. मीच मारलं त्याले."

गजानन म्हणाला, "मेलं नाही, मावशी. पन आता मी सांगतो तेच पाजा."

घासलेट आणि एरंडेल एकत्र करून रोज थोडं आत सोडायचं आणि चाक हातानं जरा पुढे, जरा मागे ढकलायचं. हललं नाही तरी रोज. धुरपदाबाई ते मनापासून करू लागली. पंडितचा धीर मात्र सुटला. एकदा तो पुन्हा पहार घेऊन आला, तर ही मध्ये उभी! "तू तापातून उठला तव्हा तुले कोनं पहारीनं उठवलं व्हतं का?"

एके सकाळी चाक बोटभर सरकलं. तिच्यापेक्षा मीच जास्त दचकलो. तिनं कोणाला हाक मारली नाही. पुढे, मागे, पुढे, मागे करत राहिली. चाकानं पुरा फेरा घेतला तेव्हा मात्र सारा लोधीपुरा जमा होईल अशी ओरडली.

गजाननानं मला आतून साफ केलं, नवा प्लग बसवला आणि मी नावेत परतलो. पहिला धूर असा काळाकुट्ट निघाला की पंडित खोकून बेजार झाला.

मित्रांनो, तुमच्याही घरी मोठ्या मायेनं जपून ठेवलेली एखादी वस्तू असेल. तिला फूल जरूर वाहा, पण तिला काय लागतं ते आधी जाणत्याला विचारा. आणि अधूनमधून तिला चालवा. नुसतं बसून राहणं आम्हाला सोसत नाही.

त्या पहिल्या फेरीला धुरपदाबाई माझ्याशेजारी बसली होती. सवयीनं तिनं नमस्काराला माझ्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"माय वं, हे तं तापलं!"

"चालतं इंजीन तापतेच, माय," पंडित हसला.

इतकी वर्षं तिच्या हाताला मी गारच लागलो होतो. तिनं पदराचा बोळा केला, तो माझ्यावर ठेवला, त्यावर हात ठेवला, आणि जैनाबाद येईपर्यंत काही तो काढला नाही.