घरी बाबा, कोर्टवर सर

कोर्टवर सर, घरी बाबा, हा नियम त्यांचाच. अकरा वर्षं एका क्लबकडून व्यावसायिक बास्केटबॉल खेळल्यावर गुडघ्याने दगा दिला आणि ते त्याच क्लबच्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षक झाले. लेक बाराव्या वर्षी संघात आली, तेव्हा त्यांनी जिमच्या उंबरठ्याकडे बोट दाखवलं. “याच्या आत मी तुझा कोणी नाही. आणि सरांना ‘का’ विचारायचं नसतं.”

ती एकोणीस वर्षांची होती. अंतिम सामन्यात दीड मिनिट उरलं असताना त्यांनी तिला बाहेर बसवलं, आणि संघ एका गुणाने हरला. दुसऱ्या दिवशी घरी जेवताना ती म्हणाली, “सर, मीठ द्या.”

आई फिस्सकन हसली. त्यांनी मीठ सरकवलं. आईला वाटलं, चार दिवसांचं रुसणं. पुढे लेकीने खेळ सोडला, लग्न केलं, तिची मुलं त्यांच्या मांडीवर वाढली. ‘सर’ काही सुटलं नाही. बावीस वर्षं.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दुपारी ते हळूच म्हणाले, “प्रॅक्टिस संपली का गं आता?”

ते काय मागताहेत, ते तिला लख्ख कळलं. तरी तोंडून निघालं, “गोळी घ्या, सर.” उद्या म्हणू, असं तिने मनाशी ठरवलं. दुसरा दिवस उजाडला तो त्यांच्याशिवाय.

आता ती जिममधलं त्यांचं कपाट रिकामं करत होती. क्रेप बँडेजं, झिजलेले खडू, उजव्या गुडघ्याची एकुलती नीकॅप. मदतीला त्यांचे जुने सहायक होते. ती त्यांना काका म्हणायची.

“बापाच्या वरताण हट्टी आहेस बघ,” काका म्हणाले. “त्या फायनलनंतर बसमध्येच सर मला म्हणाले होते, पोरीला काढायला नको होतं, चुकलंच माझं. मी म्हटलं, मग सांगा की तिला. तर म्हणे, विचारू दे तिला, मग सांगतो.”

“मी कशी विचारणार? नियम होता.”

“तेच तर. दोघंही नियमाचे पक्के!” काका हसायला गेले, पण जमलं नाही. नाक ओढत त्यांनी खणात डोकं घातलं आणि शिट्टी बाहेर काढली. “ही सरांची. क्लबकडे ठेवू?”

तिने हात पुढे केला. दोरी मानेपाशी घामाने काळपटली होती.

“बाबांची आहे,” ती म्हणाली. “मी नेते.”

काकांनी चमकून वर पाहिलं. ऐकायला तेवढेच होते.