हिरवा दोरा

आमच्या दुकानात एकच नियम आहे आणि तो माझ्या थोरल्या जावेने, म्हणजे वहिनींनी, केलेला आहे. ज्याने जोडलं, त्यानेच बटण दाबायचं. नवा कॉम्प्युटर जोडून झाला की जोडणारीने स्वतः तो चालू करायचा, आणि काही जळलंच तर ते आपल्या हाताने जळलं असं म्हणायचं. दुकान आम्ही दोघी जावा चालवतो. आमचे नवरे नोकरीला जातात, आणि स्क्रू कुठल्या बाजूला पिळला की घट्ट होतो हे त्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. वहिनी कासवाच्या चालीने काम करतात. मी, घरच्यांच्या मते, मागे कुणी लागल्यासारखी. राग माझ्या नाकावर असतो, हे मीही नाकारत नाही.

पण हा नियम करणाऱ्या वहिनींनी तीन वर्षांत एकदाही बटण दाबलं नव्हतं. त्या सगळं जोडायच्या, तीनदा तपासायच्या, मग मागे सरकून म्हणायच्या, "तूच दाब."

तीन वर्षांपूर्वी एका मोजणीदाराचा कॉम्प्युटर आमच्याकडे आला होता. नवा पॉवर सप्लाय, म्हणजे आत वीज वाटणारी पेटी, बसवायचा होता, बस. वहिनींनी तो बसवला, बटण दाबलं, आणि आतून धूर आला. त्या माणसाची अकरा वर्षांची जमिनींची मोजमापं, नकाशे, सगळं त्या डिस्कवर होतं. दुसरी प्रत नव्हती. डिस्कला लावलेली वायर दुसऱ्याच सप्लायची होती. या वायरींची टोकं सारखी दिसतात, सारखीच बसतात, पण आतल्या तारांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो. वहिनी त्याच्या घरी गेल्या, उंबऱ्याबाहेर उभं राहून माफी मागितली. त्या माणसाने दार लावून घेतलं. त्यानंतर तो रस्त्यात दिसला की वहिनी पलीकडच्या बाजूला जायच्या.

तेव्हापासून आमच्याकडे दोरे आले. नव्या सप्लायचं खोकं फोडलं की त्याच्या प्रत्येक वायरीला एकाच रंगाचा दोरा, उरलेल्या वायरी त्याच रंगाच्या दोऱ्याने बांधून त्याच्याच डब्यात. मी त्या दोऱ्यांची पुष्कळ थट्टा केली. आता सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोजणीदाराच्या डिस्कला ती वायर मी लावली होती. वहिनी फोन घ्यायला बाहेर गेल्या होत्या, मला घाई होती, ड्रॉवरमध्ये वायर होती. वहिनी परत आल्या, आपणच लावली असं समजून त्यांनी बटण दाबलं. पहिल्या दिवशी मी भीतीने गप्प राहिले, दुसऱ्या दिवशी लाजेने. त्यानंतर सांगायची वेळच निघून गेली, असं मी स्वतःला पटवलं.

यंदा एके दिवशी दुपारी तीन वाजता माझ्या पुतणीचा, म्हणजे वहिनींच्या लेकीचा, सामना होता. कॉम्प्युटरवरच्या खेळाचा. एका संघात एकच जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी दोघी उरल्या होत्या. त्या जागेला वर्षभराचा पगार होता. पुतणीने दोन महिन्यांपूर्वी चांगली नोकरी सोडून सरावाला वाहून घेतलं होतं, आणि यावरून घरात जे झालं ते मी सांगत नाही. कुणी लबाडी करू नये म्हणून खेळताना आपल्या स्क्रीनचं आणि खोलीतल्या आवाजाचं रेकॉर्डिंग अखंड पाठवावं लागायचं. ते पुतणीचं आधीच्या सामन्यांत दोनदा मध्येच तुटलं होतं. तिसऱ्यांदा तुटलं की बाद, खेळात पुढे असलात तरी.

तुटायचं कारण सरळ होतं. तिचं ग्राफिक्स कार्ड नवं आणि दांडगं, पण खेळाचं चित्र काढता काढताच त्याचा जीव जायचा. त्यात वरून रेकॉर्डिंगचं ओझं. म्हणून मी सुचवलं की दुकानात पडलेलं जुनं छोटं कार्ड शेजारी बसवू. खेळ नव्या कार्डाने ओढायचा, रेकॉर्डिंग जुन्याने. दोन्ही वेगळ्या कंपन्यांची, एक कालचं आणि एक सात वर्षांपूर्वीचं. माझा नवरा सकाळी निघताना म्हणाला, "अशी एक जोडी आधीच आहे घरात, चालतंय ना बरं." वहिनी हसल्या. मी हसले नाही.

दीड वाजता पुतणीच्या खोलीत कॉम्प्युटरचं केबिनेट उघडलं. जुन्या कार्डाला वीज द्यायला आणखी एक वायर हवी होती. वहिनी म्हणाल्या, या सप्लायचा दोरा हिरवा, उरलेल्या वायरी दुकानात तिसऱ्या फळीवर, खालून दुसरा डबा. दुकान गल्लीच्या टोकाला. मी गेले. त्या डब्यावर चार डबे, चार डब्यांवर एक मॉनिटर, आणि स्टूल गायब. ड्रॉवर मात्र हाताशी होता. त्यात त्याच कंपनीची वायर होती, फक्त जरा जुन्या मॉडेलची. त्या वेळी कंपनी वेगळी होती, या वेळी तीच आहे, मी स्वतःला सांगितलं. एवढ्यापर्यंत ती नुसती घाई होती. पुढचं जे केलं त्याला घाई म्हणता येणार नाही. बिनदोऱ्याची वायर बघून वहिनी प्रश्न विचारतील म्हणून मी रिळातला हिरवा दोरा तोडला आणि वायरीला बांधला. त्या बांधतात तशीच दुहेरी गाठ मारली.

परत आले तेव्हा वहिनी पट्टीने दोन कार्डांमधली फट मोजत होत्या. खालच्या कार्डाच्या पाठीमुळे वरच्याच्या पंख्यांना हवा मिळणार नाही म्हणून त्यांनी जुनं कार्ड एक खाच खाली घेतलं. पुतणी पलंगाच्या कडेवर बसून बोटं मोडत होती. मी वायर वहिनींच्या हातात दिली. एरवी वायर हातात आली की त्या तिचं टोक उजेडात धरतात. त्या दिवशी त्यांनी फक्त दोरा बघितला, मान हलवली, आणि वायर दोन्ही टोकांनी लावली. तपासलंच नाही. त्या दोऱ्यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता, आणि माझ्यावरही होताच.

अडीच वाजले. वहिनी मागे सरकल्या. "तूच दाब."

मी बटणावर बोट ठेवलं. नाही जळणार, कंपनी तीच आहे, असं मी मनात घोकत होते. पण जळलं तर काय होईल हे मला चांगलं ठाऊक होतं. पुतणीची जागा जाईल, आणि वहिनी म्हणतील, जोडलं मी, चूक माझी. मीही पुन्हा गप्प बसेन. मला माझीच किळस आली.

"काकू, दाब ना," पुतणी म्हणाली.

मी बोट काढलं. "ही वायर डब्यातली नाही. ड्रॉवरमधली आहे. दोरा मी बांधला."

वहिनींनी आधी वायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब जुळवणाऱ्या माणसाची शांतता होती.

"मोजणीदाराचीही तूच लावलेलीस?"

मी हो म्हणाले.

पुतणीला काही समजलं नव्हतं, तिला फक्त घड्याळ दिसत होतं. वहिनींनी वायर दोन्हीकडून उपसली आणि मला म्हणाल्या, "तिसरी फळी. खालून दुसरा."

मी अनवाणीच धावले. मॉनिटर मी खाली ठेवला की टाकला ते आठवत नाही, पण काच दुसऱ्या दिवशी तडकलेली सापडली. डब्यावर वहिनींच्या टपोऱ्या अक्षरात तारीख, मॉडेल, वायरींची संख्या. आत हिरव्या दोऱ्याने बांधलेली जुडी. खोलीत परतले तेव्हा पावणेतीन व्हायला दोन मिनिटं होती. वहिनींनी मधल्या वेळात माझी वायर नुसती सप्लायला लावून, दुसरं टोक मोकळं ठेवून, मीटरने मोजली होती. मीटर त्यांनी माझ्यासमोर धरला. जिथे शून्य यायला हवं होतं तिथे बारा व्होल्ट होते. दोन्ही कार्डं गेली असती.

त्यांनी नवी वायर घेतली, टोक उजेडात धरलं, मोजली, लावली. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. स्क्रीन काळीच राहिली. पुतणीने तोंडावर हात धरला. वहिनींनी चुकून जुन्या कार्डात लागलेली स्क्रीनची केबल शांतपणे काढून नव्यात घातली आणि चित्र आलं. मग दोन कंपन्यांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, एकमेकांशी भांडायला लागले. जुनं कार्ड दिसायचं, नाहीसं व्हायचं. दोनदा बंद करून चालू केलं, दोन्ही वेळा बटण वहिनींनीच दाबलं. तीनला चार मिनिटं कमी असताना दोन्ही कार्डं स्क्रीनवरच्या यादीत एकाखाली एक येऊन थांबली. पुतणीने कानावर हेडफोन चढवले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. त्या क्षणापासून खोलीत बोलायला बंदी होती. दुसरा आवाज आला की कुणीतरी सांगतंय असा संशय.

पंचेचाळीस मिनिटं आम्ही दोघी पलंगाच्या कडेवर बसलो. पुतणीच्या स्क्रीनवर काय चाललंय ते मला धड कळत नव्हतं. मी फक्त कोपऱ्यातला रेकॉर्डिंगचा लाल ठिपका बघत होते. अकराव्या मिनिटाला तो थरथरला, विसाव्याला पिवळा होऊन परत लाल झाला. प्रत्येक वेळी मला वहिनींचा हात धरावासा वाटला. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मला माफी मागायची होती आणि तोंड उघडायची सोय नव्हती. मला वाटतं, त्यांना ती सोय नसणंच बरं वाटलं असावं.

ठिपका विझला नाही. पुतणी थोडक्यात जिंकली. रेकॉर्डिंग पूर्ण पोचल्याची ओळ आली तेव्हा तिने हेडफोन भिरकावले, आधी आईच्या, मग माझ्या गळ्यात पडली आणि बापाला फोन करायला बाहेर पळाली.

आम्ही दोघी उरलो. दोन्ही कार्डं अजून गरम होती. मी बोलायला लागले, तीन वर्षं साठवलेलं सगळं एकदम, भीती, लाज, काय काय. वहिनींनी ते मध्येच थांबवलं.

"दर वेळी तूच दाब म्हणायचे मी. का म्हणते ते तुला माहीत होतं?"

"हो."

"तरी दाबायचीस."

त्यांनी कात्री घेतली, ड्रॉवरच्या वायरीवरची माझी गाठ कापली, दोरा खिशात ठेवला आणि बिनदोऱ्याची वायर माझ्या ओंजळीत दिली.

"उद्या सकाळी मोजणीदाराकडे जायचं. ही बरोबर घे, काय केलं होतंस ते दाखवायला. मी शेजारी उभी राहीन, पण बोलायचं तू."

मग त्यांनी केबिनेटचं झाकण लावलं आणि चारही स्क्रू स्वतः पिळले.