तीन नंबरच्या खोलीची सूचना

मित्रांनो, आज मी ज्या जागी उभा आहे तिथं मला पाहून कोणी फलक म्हणणार नाही. कोणी कठडा म्हणेल, कोणी आडोसा. तरीही सांगतो, मी एक जुना सूचना फलक आहे. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत मी घडलो. ज्या कामासाठी घडलो ते काम मला कधी नीट करूच दिलं नाही, आणि त्याची चरफड लाकडात अजून तशीच आहे.

त्या वेळी कारखान्याची यंत्रं रशियाहून भल्यामोठ्या खोक्यांतून येत. यंत्रं बाहेर निघाली की खोक्यांच्या फळ्या सुपेल्याच्या बाजारात विकायला येत. तिथल्या गुलाब मिस्त्रीनं त्यातल्या बिनगाठीच्या फळ्या निवडल्या, रंधा मारला, चौकट बसवली आणि पुढून हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ताणून ठोकली. पाठीवरची रशियन अक्षरं त्यानं तशीच राहू दिली. "मांगून कोन पाहाते?" असं म्हणून त्यानं माझ्यावरून हात फिरवला आणि आपल्या बायकोला हाक मारली, "पाय वं, कसा साजरा दिसून रायला."

मला टांगलं ते विद्यापीठाशी जोडलेल्या एका लहानशा सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयात. महाविद्यालय म्हणजे काय, तर पत्र्याच्या लांबलचक बराकी, समोर मुरमाचं मैदान आणि पलीकडे कारखान्याच्या वसाहतीतली, सेक्टर दहाची अर्धी बांधलेली घरं. तिथं नर्सा, लस देणारे टोचणीवाले आणि हिवतापाची फवारणी करणारे शिकून तयार होत. कचेरीबाहेरच्या व्हरांड्यात मला लावलं त्या दिवशी झेंडूची माळ घातली होती. प्राचार्य साहेब म्हणाले की, आता या महाविद्यालयातल्या शेवटच्या माणसालाही प्रत्येक बातमी कळेल. मला ते खरं वाटलं. नवीन लाकडाला सगळं खरं वाटतं.

माझ्यावर सूचना लावण्याचं काम बडे बाबूंचं, म्हणजे जानरावांचं होतं. माणूस नागपूरकडचा, टापटिपीचा. सूचना टाइप करून आणायची, चारही कोपऱ्यांना टाचणी मारायची, दोन पावलं मागं जाऊन कागद सरळ लागला का ते बघायचं. तो सरळच असे. पण तो नेहमी इंग्रजीत असे. शिपाई टिकारामनं एकदा भीतभीत विचारलं, "बडे बाबू, हिंदीत नाई लिवता येत का?" तर जानराव म्हणाले, "अरे, इथं मलबारी नर्सा आहेत, बंगाली कंपाउंडर आहे, पंजाबी ड्रायव्हर, तेलुगू सफाईवाले. कोणाकोणाच्या भाषेत लिहू? इंग्रजी सगळ्यांना सारखी."

सारखी होती हे खरं. कोणालाच येत नव्हती.

मग व्हायचं असं. लोक यायचे, माझ्यासमोर थांबायचे, "काय हाय?" "अंग्रेजी हाय," असं बोलायचे आणि पुढं जायचे. खरी बातमी त्यांना मिळायची सुपेल्याच्या चहाच्या टपरीवर. तिथं देवाजी बसे. फवारणीचा पंप पाठीवरून उतरवून ठेवायचा आणि महाविद्यालयात काय चाललंय ते सांगत सुटायचा. टिकारामनं कचेरीच्या दारातून ऐकलेलं अर्धं वाक्य देवाजीकडे पूर्ण होई. सकाळी लोक माझ्यासमोर उभे राहून एकमेकांना देवाजीची बातमी सांगत, आणि खरी बातमी चार टाचण्यांवर माझ्या छातीशी लटकत असे. टाचण्यांचं मला काही वाटत नसे हो. पण हे मात्र टोचे.

आता शेवंताबद्दल सांगतो. शेवंता तिथं आया होती. भंडाऱ्याकडून आलेली, नवरा कारखान्यात, घर मजुरांच्या कॅम्पातल्या झोपडीत. नव्या नर्सांना बाळाला कसं न्हाऊ घालायचं, कसं धरायचं हे शिकवताना दवाखान्यातलं एखादं बाळ आणत, ते बाळ हातांवर धरून वर्गात उभं राहायचं, हे तिचं काम. तिची स्वतःची मुलगी नलू तेव्हा नुकती बसायला लागली होती. तिला ठेवणार कुठं? तर औषधाच्या रिकाम्या खोक्यात गोधडी घालून, माझ्या बरोबर खाली.

मित्रांनो, मला लेकरू नाही, पण तासन्‌तास मी त्या खोक्यात पाहिलेलं आहे. झोपेत नलूच्या पायाचा अंगठा आपोआप वर व्हायचा. उठली की आधी वर बघायची, माझ्यावरचे कागद वाऱ्यानं फडफडले की हसायची. मग तिला भूक आठवायची. वर्गातून बाईंचा आवाज येई, बाळाला वेळच्या वेळी आईचं दूध मिळालं पाहिजे. आणि खिडकीतून मला शेवंता दिसे, दुसऱ्याचं बाळ हातांवर धरलेली, कान इकडे. वर्ग संपेपर्यंत तिला हलता येत नसे. संपला की पदर सावरत धावत यायची. "कावून रडून रायली माय माही? आली न मी."

फेब्रुवारी उलटला तशी तिची काळजी वाढली. उन्हाळ्यात त्या व्हरांड्यात अशी झळ येई की भिंतीला हात लावता येत नसे. "उन्हात पोरगी भाजून निघन," ती एक दिवस नर्स सिंधुताईंना म्हणाली. "सासू म्हनते, सोड नवकरी. सोडाच लागन मले." सिंधुताईंचाही मुलगा लहान होता. त्यांनी फक्त नलूच्या टाळूवर हात ठेवला.

आणि मग ती सूचना आली.

ती आणवली डॉक्टर कमलाबाईंनी. त्या तिथं शिकवत. बाळाची निगा शिकवणाऱ्या महाविद्यालयात आपल्याच बायकांची बाळं खोक्यात झोपतात, हे त्यांना बघवेना. प्राचार्यांशी भांडून त्यांनी एक गोष्ट कबूल करून घेतली आणि निश्चिंत मनानं विद्यार्थिनींना घेऊन खेड्यांच्या पाहणीला निघून गेल्या. जानरावांनी कागद आणला, टाचण्या मारल्या, सरळ आहे का बघितलं. माझ्या अंगावर लागलेलं मला समजतं. कसं ते विचारू नका. त्यावर लिहिलं होतं की, महिला कर्मचाऱ्यांनी येत्या शनिवारी आपली लहान मुलं कामावर सोबत आणावीत, प्राचार्य स्वतः पाहतील, आणि गरज दिसली तर तीन नंबरची खोली मुलांसाठी देण्यात येईल, मुलांजवळ एक बाई नेमण्यात येईल. गरज दिसली नाही, तर खोलीत हिवताप खात्याची डीडीटीची पिंपं ठेवली जातील.

तीन नंबरची खोली उत्तरेकडची, थंड. नलू त्या कागदाच्या बरोबर खाली झोपली होती.

टिकारामनं जानरावांना विचारलं, "बाबू, काय लिवलं?" जानराव पगारपत्रकात बुडालेले. मान वर न करता म्हणाले, "शनिवारी साहेब मुलं बघणार आहेत. व्हरांडा झाडून ठेव."

एवढंच. संध्याकाळी ते वाक्य टपरीवर गेलं. आणि तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. मागच्या हिवाळ्यात साहेबांनी असाच एकदा व्हरांडा बघितला होता आणि कामाच्या वेळी झोपलेल्यांना लांबच्या राजहऱ्याच्या खाणीकडे टोचणीला पाठवलं होतं. ते घरदार सोडून महिनोन्‌महिने तिकडेच अडकले. तेव्हापासून साहेब बघणार म्हटलं की लोक लपवालपवीला लागायचे.

दुसऱ्या दिवशी देवाजी माझ्यासमोरच उभा राहिला.

"काय वं शेवंता, आयकलं का? शनवारी सायेब पोरं पाहाले येऊन रायले."

"कोनाचे पोरं?"

"तुहे, अजून कोनाचे? खोक्यात ठेवते नं तू. आता ज्याचं पोरगं दिसन, तो गेला राजहऱ्याले."

"तुले कोनं सांगतलं?"

"सूचना लागली नं. हे काय, तुह्या डोक्यावरच." आणि देवाजीनं माझ्यावर, त्याच कागदावर बोट ठेवलं.

शेवंतानं वर बघितलं. इंग्रजी अक्षरांवरून तिची नजर एकदा इकडून तिकडे गेली. मी लाकूड आहे, मित्रांनो. त्या दिवशी मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

"जवळ ठेवली तं नवकरी जाते, घरी ठेवली तं पोरगी सुकते," ती म्हणाली. "देवानं मले चिमनी कावून नाई केलं? पोटाखाली घेऊन उडून गेली असती."

"चिमनीलेबी राजहऱ्याले धाडतीन हे," देवाजी म्हणाला. बिचारा हसवायला बघत होता. ती हसली नाही.

शनिवारी व्हरांडा असा लख्ख झाडला होता की काही विचारू नका. खोकं नव्हतं. गोधडी नव्हती. सिंधुताईंनी मुलाला मोहन नगर वस्तीत बहिणीकडे ठेवलं होतं, कोणी शेजारणीकडे, कोणी सासूच्या पाया पडून घरी. शेवंतानं नलूला झोपडीत शेजारच्या म्हातारीजवळ सोडलं होतं. सकाळपासून ती छातीवर पदर दाबून वावरत होती. पदराखाली चोळी ओली झाली होती.

साहेब आले, मागं जानराव. साहेब चष्म्यातून व्हरांडाभर बघत चालले. तीन नंबरच्या खोलीपर्यंत गेले, परत आले. शेवंतापाशी थांबून हिंदीत म्हणाले, "तुम्हारी तो बच्ची थी न?"

"गांव भेज दिया, साहब," शेवंता म्हणाली.

"अच्छा." साहेबांचा चेहरा मला नीट आठवतो. मला तर वाटतं ते जरा हिरमुसलेच. जानरावांना म्हणाले की, डॉक्टर कमलाबाई उगीच काळजी करतात, यांची सोय लागलेली दिसते.

ते वळल्यावर शेवंतानं सुटकेचा श्वास सोडला. वाचलो, असं सिंधुताईंकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं. आपण काय वाचवलं आणि काय घालवलं, हे त्या व्हरांड्यात एका मलाच माहीत होतं.

सोमवारी ट्रक आला. पिंपं घरंगळत तीन नंबरच्या खोलीत गेली आणि व्हरांडाभर तो उग्र वास सुटला. खोकं पुन्हा माझ्याखाली आलं. नलूचं तोंड उतरलेलं होतं. शेवंता सांगत होती, दिवसभर चमच्यानं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं तिनं त्या शनिवारी.

कमलाबाई परतल्या त्या पायांची धूळही न झटकता थेट खोलीकडे गेल्या. पिंपं बघून त्या माझ्यासमोर आल्या. सूचना अजून होतीच. जुनी काढायची जानरावांना घाई नसे.

"शेवंता, शनिवारी नलू कुठं होती?"

"घरी होती, बाई. गावी नाई धाडली. खोटं बोलली मी, पन माही तक्रार नका करू."

"अगं, पण आणायची सोडून घरी का ठेवलीस? इथं लिहिलं होतं ना?"

शेवंतानं त्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग कमलाबाईंना उमगलं. त्यांनी तो कागद वरपासून खालपर्यंत मराठीत वाचून दाखवला. सावकाश, एकेक वाक्य. सिंधुताई येऊन उभ्या राहिल्या होत्या, टिकाराम होता, पंप घेतलेला देवाजीही होता.



"म्हंजे पोरं दाखवाची होती," शेवंता म्हणाली. "आन आमी लपवली."

देवाजी खाली बघत म्हणाला, "मले काय मालूम, वयनी. मी आयकलं ते सांगतलं."

"तुले काय बोलू? तू तं सांगतलं तरी." मग ती दारात आलेल्या जानरावांकडे वळली. आवाज चढला नव्हता तिचा. "बाबू, तुमी तं आमच्याच तिकडचे नं? माही पोरगी या कागदाखाली निजली होती. जाताजाता दोन शब्द सांगतले असते, तं तुमचं काय गेलं असतं?"

जानरावांनी चष्मा काढून पुसला. "सूचना लावली होती मी," ते म्हणाले. पण ते त्यांनी असं म्हटलं की जणू त्यांनाच ते पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकांनी कोणाला विचारलं नाही. सगळ्या आपापली लेकरं घेऊन आल्या आणि माझ्याखाली, कचेरीच्या दारापर्यंत, ओळीनं बसवून कामाला लागल्या. साहेबांना आत जायला वाट उरली नाही. ते थांबले. एका मुलानं त्यांच्या बुटाची नाडी धरली.

"शनिवार को कहाँ थे ये सब?"

"छुपाके रखे थे, साहब," शेवंता म्हणाली. "आप के डर से."

साहेबांनी वाकून त्या मुलाची मूठ हळूच सोडवली आणि तीन नंबरच्या खोलीकडे बघितलं. पण फवारणीचा हंगाम तोंडावर होता, पिंपं हलवणं आता त्यांच्याही हातात नव्हतं. खोली गेली ती गेलीच. शेवटी व्हरांड्याचं पूर्वेकडचं टोक मुलांना मिळालं. तिथं वाळ्याच्या ताट्या बांधायच्या, टिकारामनं त्यांच्यावर पाणी मारायचं, असं ठरलं. पण जोतं होतं उंच. रांगणारी पोरं खाली पडली तर? दोन खांबांच्या मधे बसेल असं काहीतरी आडवं हवं होतं.

सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

टिकारामनं टाचण्या उपटल्या, बनात फाडली, मला उतरवून दोन खांबांना तारेनं बांधलं. तेव्हापासून मी इथं आहे. तीन नंबरच्या खोलीचा गारवा मला देता आला नाही, डीडीटीचा वास मला अडवता येत नाही, आणि वैशाखात ताट्या दुपारीच वाळून जातात. पण शेवंतानं नोकरी सोडली नाही. आणि नलू पहिल्यांदा उभी राहिली ती माझी वरची कड धरून. धरली, डुलली, मग दोन नव्या दातांनी तिनं मला करकचून चावून बघितलं.

माझ्या जागी आता काचेचा फलक आला आहे. त्याला कुलूप आहे. परवा त्यात नवा कागद लागला. तोही इंग्रजीत. शेवंता त्याच्यासमोरून पुढं गेली नाही. तिनं जानरावांना हाक मारली आणि ते वाचून दाखवेपर्यंत वाट अडवून उभी राहिली. अशी ती रोज कुठवर उभी राहणार, हा प्रश्न मला अजून छळतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या बाबू होईल, कोणी साहेब, कोणी डॉक्टर. तुम्ही सूचना लिहाल, आणि त्या सरळही लावाल. माझं एवढं ऐका. कागद ज्याच्यासाठी आहे, त्याला आधी हाक मारा, त्याच्या बोलीत वाचून दाखवा. त्याची मान हलली, की मग खुशाल टाचणी मारा.