बटणाच्या जेवणाला मशीन बंद

बाळाला घरचंच खायला द्यावं, यावर आपल्यात दुमत नसेल. माझंही नाही. पण त्याच घरच्या खाण्याने एका घरात काय होऊन बसलं ते मी ऐकलं, तेच आज सांगायचं आहे.

ते घर शिंप्याचं. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनी, त्यांच्या मागे बाळाची छोटी खाट, पलीकडे स्वयंपाकघर. नवरा-बायको दोघंही शिवणारे. बाळ सात महिन्यांचं, चेहरा गोल गरगरीत, म्हणून घरादारात त्याचं नाव बटण. बाळाला विकतच्या डब्यातलं काही द्यायचं नाही, हा शिंपीणबाईंचा हट्ट. त्या भोपळा वाफवायच्या, गाजर शिजवायच्या, केळं कुस्करायच्या. मीठ नाही, साखर नाही. इथवर त्यांना पैकीच्या पैकी गुण.

घोडं अडलं ते वेळेपाशी. बटणाचा एक घास आत गेला की दोन बाहेर यायचे आणि तिसरा आईच्या केसांत. त्यात शाळा उघडायचे दिवस, गणवेशांचे ढीग पुढ्यात, गिऱ्हाइकं दारात. मग बाईंनी डोकं चालवलं. असेल नसेल ते सगळं मिक्सरमधून पातळ करून दुधाच्या बाटलीत भरलं. बाटलीच्या निपलातून ते येईना, तेव्हा मशीनची जाड सुई गॅसवर तापवली आणि भोक मोठं केलं. कापडाची घडी लावून बाटली बाळाच्या तोंडाशी टेकवून ठेवली. बटण पडल्या पडल्या गटागट गिळू लागलं, आणि बाई काजं करायला मोकळ्या झाल्या.

वर कौतुक किती! गल्लीतल्या दोघीजणी आपापल्या बाटल्या घेऊन आल्या. बाईंनी त्यांनाही तशीच सफाईदार भोकं पाडून दिली.

एका दुपारी नणंद आली. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. ड्यूटीचा कोट कमरेत सैल करून हवा होता.

"ताई, कोट आटला की तू सुटलीस?" भावाने मशीन चालवता चालवताच विचारलं.

"तुझी शिलाई आटली," ती म्हणाली आणि खाटेकडे वळली. "आमचं बटण काय करतंय बघू."

बटणाचे ओठ निळसर पडले होते. डोळे टक्क उघडे, छाती आत ओढली जात होती, आणि आवाज अजिबात नाही. बाटलीतला भोपळा गालावरून मानेत ओघळत होता. आई हाताच्या अंतरावर पाठमोरी बसलेली, मशिनीच्या खडखडाटात तिला पत्ताच नाही.

नणंदेने बाळाला झडप घालून उचललं. पालथं करून हातावर घेतलं, डोकं खाली झुकवलं आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहाताने थापा मारल्या. बाई शिवण टाकून धावत आल्या. शेवटी मिक्सरमध्ये नीट न वाटलेला एक केशरी गोळा बाहेर पडला आणि बटणाने भोकाड पसरलं.

तसेच सगळे दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी छाती तपासली, थांबवून घेतलं, आणि संध्याकाळी घरी सोडलं.

"ताई, मी सगळं घरचंच देत होते हो," बाई रडतच म्हणाल्या.

"घरचं दिलंस ते उत्तमच. पण त्याला जेवू कुठे दिलंस? उशीत कापूस कोंबावा तसं भरलंस. पोट भरलं की लेकरू तोंड मिटतं, मान फिरवतं. तुझ्या बाटलीला ते दिसतं का?"

"पण ते थुंकतं गं," भाऊ पुटपुटला.

"थुंकू दे, शिकतंय. तुला पहिल्या दिवशी सरळ टीप आली होती? बाबांचं किती कापड वाया घालवलंस ते आठव. त्याला ताठ बसवा, समोर बसा. मऊ कुस्करून चमच्याने द्या, सगळं एकत्र घुसळू नका. भोपळा कसा लागतो ते भोपळ्यालाच सांगू दे. आणि तेवढा वेळ नजर त्याच्यावर, टिपेवर नाही."

बाई ऐकत होत्या आणि एकदम पांढऱ्याफटक पडल्या.

"ताई, मी आणखी दोघींना भोकं पाडून दिलीत."

आणि बाई तशाच अनवाणी निघाल्या. पहिल्या घरी बाटली भरणं चाललं होतं. "द्या ती इकडे. मी चुकीचं करून दिलंय. आज माझं लेकरू माझ्या पाठीमागे गुदमरलं आणि मला ऐकूही आलं नाही." शेजारणीने बाटली त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या घरच्या आजोबांनी हुज्जत घातली. "आमच्या नातीला तर काही झालं नाही."

"माझ्याही बाळाला आज दुपारपर्यंत काही झालं नव्हतं," बाई म्हणाल्या.

आजोबांनी स्वतः उठून बाटली आणून दिली. बाईंनी घरी येऊन तिन्ही निपलं कात्रीने कापून टाकली.

आता बटणाच्या जेवणाला दोन्ही मशिनी बंद असतात. परवा एक गिऱ्हाईक घाईघाईने आलं आणि वैतागलं, "ऐन हंगामात दुकान थंड कसं?"

"बसा घटकाभर," शिंपी म्हणाला, "धाकटे मालक जेवतायत."

धाकट्या मालकांनी भोपळ्याचा घास घोळवला, तोंड वेडंवाकडं केलं, गिळला. आणखी थोडं खाल्लं. मग ओठ घट्ट मिटून मान फिरवली. वाटीत अर्धं शिल्लक होतं. बाईंनी चमचा खाली ठेवला.

मंडळी, बाळासाठी घरी शिजवता, फार चांगलं करता. पण वाटीइतकंच वाटीसमोर बसणारं माणूसही घरचंच लागतं. काम थोडं थांबेल, गिऱ्हाईक कुरकुरेल, ते चालेल. लेकराचा घास अडकला तर तो आपल्याला ऐकू आला पाहिजे.