खुंटीवरची चावलेली नान

मित्रांनो, या ओसरीच्या कठड्यावर काळपट, जड, वाटीसारखं जे काही दिसतंय ना, तो मी. जातीने पिस्टन, वयाने जुना. एकेकाळी ट्रॅक्टरच्या पोटात होतो. आता कमरेतून कापून उताणा ठेवलेला आहे, त्यामुळे तुम्ही ओळखलं नाहीत तरी माझा राग नाही. आयुष्यात मला दोन नोकऱ्या मिळाल्या आणि दोन्ही धुराच्या. दोन्ही संपल्या. अंगात बोलण्यापुरती ताकद उरली आहे, ती आज तुमच्यावर खर्च करतो.

दूर उत्तरेतल्या एका कारखान्यात मला ओतलं. वितळलेला धातू साच्यात गेला आणि मी बाहेर आलो. माझं बालपण एवढंच. तीन भावांसोबत मला एका निळ्या ट्रॅक्टरच्या इंजिनात बसवलं आणि कापसाच्या शेतावर धाडलं. काम सोपं होतं. वर जायचं, खाली यायचं. डोक्यावर भडका, पायाखाली तेल. मिनिटाला हजारदा वर गेलो तरी संध्याकाळी होतो तिथेच असायचो. सतरा वर्षं हे चाललं. एका वर्षी त्या ट्रॅक्टरच्या दाराला लाल पताका लावून त्याचा सत्कार झाला. पताका दारालाच राहिली. आत आम्हा चौघांपर्यंत कुणी आलं नाही.

मग एके दिवशी ट्रॅक्टरमधून निळा धूर येऊ लागला आणि उस्तो तोश्मातला बोलावलं. उस्तो म्हणजे हातात कसब असलेला माणूस. आमच्या इस्फाराच्या पंचक्रोशीत इंजिनाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याने मला बाहेर काढलं, हातात फिरवलं. माझ्या डोक्यावर बोटभर काजळी होती, अंगावरच्या रिंगा जळून चिकटल्या होत्या.

"बिचाऱ्याने धूर खाऊन खाऊन जीव दिला," तो हळहळला आणि त्याने सिगारेट पेटवली.

राख झाडायला आजूबाजूला काही दिसेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या तासात मी कमरेतून कापला गेलो होतो. कमरेला दांडा अडकवायचं जे आरपार भोक होतं, त्याच्या समोरासमोर दोन खाचा उरल्या, त्यांत सिगारेट अशी नेमकी बसायची की जणू कारखान्यात तोच विचार करून मला बनवलं असावं. अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. पहिल्या नोकरीत निदान विश्रांतीला हिवाळा असायचा.

तोश्मातने सैन्यात असताना एकोणिसाव्या वर्षी पहिली सिगारेट ओढली होती. पुढे चव्वेचाळीस वर्षं तो ओढत राहिला. मी त्याच्याबरोबर कापडी पिशवीतून सगळीकडे जायचो, कारण कुणाच्याही घरी बायका त्याला चहाची बशी राखेसाठी देत नसत. दर शुक्रवारी त्याचं आणि त्याच्या तीन दोस्तांचं गश्तक भरे. एकेका शुक्रवारी एकेकाचं घर, मध्ये पुलावाची परात, भोवती पाळण्यातल्या ओळखीचे चार म्हातारे. तोश्मात एक. दुसरा होल्मुरोद, न्हावी. तिसरा एर्गाश, तंदूरवाला; हा कायम जिभेखाली हिरव्या तंबाखूची गोळी धरायचा, त्यामुळे बोलता येत नसे आणि सगळे त्याला शहाणा समजत. चौथा सैदाली, निवृत्त गणितमास्तर. त्याला सगळे मुअल्लिम म्हणत आणि तोच गश्तकाचा प्रमुख. बैठकीत त्याने सांगितलं की ते ऐकायचं, अशी रीत.

तोश्मातचा जीव आणखी एका गोष्टीत होता. त्याचा कर्णा. पितळेचा, माणसाहून लांब. लग्नघरी तोश्मात तो आभाळाकडे उचलून फुंकायचा तेव्हा नदीपलीकडची माणसं म्हणत, "चला, पुलाव उतरला." आणि मग आलं एर्गाशच्या मुलाचं लग्न. सनईवाला थांबला, डफवाला थांबला, सगळे तोश्मातकडे बघू लागले. त्याने छाती भरली, गाल फुगवले. कर्ण्यातून असा आवाज आला की शेजारच्या गोठ्यातल्या वासराने उत्तर दिलं. नवरीच्या मावशीने तोंडाला ओढणी लावली. तोश्मात खोकत खोकत भिंतीला टेकला आणि कर्णा सोबतच्या वादकाच्या हातात देऊन बाजूला झाला.

घरी येऊन तो बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. शरदात त्याच्या धाकटीचं, मोहीराचं लग्न होतं. बायको सालोमत चहा ओतत म्हणाली, "अहो, मोहीराच्या लग्नात कर्ण्याला शेजारगावचा माणूस बोलवूया."

"माझ्या दारात परका फुंकणार?"

"मग वासराला बोलवूया. त्याला येतं."

दुसऱ्याच दिवशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. पिशवीतून मीही गेलो. डॉक्टरबाई वयाने मोहीराएवढ्याच होत्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर धरला.

"काका, किती जिने चढता?"

"आमच्या घराला जिना नाही, बाई."

"मग बरंय. हे बघा, आज थांबलात तर आहे तेवढा श्वास राहील, थोडा परतही येईल. नाही थांबलात तर पुढच्या वर्षी चहा फुंकायलाही उरणार नाही."

त्या शुक्रवारी गश्तक मुअल्लिमच्या घरी होतं. बातमी आमच्या आधी पोचलेली होती. पुलाव संपेपर्यंत सगळे नुसते खात राहिले. मग होल्मुरोदने सुरुवात केली.

"चाळीस वर्षं तुझी मिशी कापतोय. वरून पांढरी, खालून पिवळी. माझ्या कात्रीलाही खोकला लागलाय."

"सोडीन की. हळूहळू," तोश्मात म्हणाला.

मुअल्लिमने चहाचा पियाला खाली ठेवला. "ट्रॅक्टरमधून निळा धूर आला तर तू मालकाला काय सांगतोस?"

"रिंगा गेल्या म्हणून."

"आणि तो म्हणाला, हळूहळू बंद करीन, तर?"

 तोश्मातचा हात माझ्याकडे आला आणि माघारी गेला.

मुअल्लिमच्या खोलीत भिंतीला एक नान टांगलेली होती. कडेला एक घास चावलेली, उन्हाने पिवळी पडलेली. आमच्याकडे दूरच्या प्रवासाला निघालेला माणूस नानचा एक घास घेतो आणि बाकीची घरचे जपून टांगतात. परत येऊन ती त्यानेच संपवायची, तोवर दुसऱ्याने हात लावायचा नाही. मुअल्लिमचे दोन्ही मुलगे मजुरीला परदेशी गेले होते. थोरला परतला, त्याने आपली नान चहात बुडवून खाल्ली. धाकट्याची सहा वर्षं तशीच होती.

मुअल्लिमने परातीतली ताजी नान उचलली आणि तोश्मातपुढे धरली. "घास घे."

"मी कुठे निघालोय?"

"जिथे सिगारेट नाही तिथे."

"ते कुठे आलं?"

"लांब आहे. म्हणून तर."

तोश्मातने नान दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि घास घेतला. तेवढ्यात एर्गाशने अंगणात जाऊन जिभेखालची हिरवी गोळी थुंकली, परत येऊन दुसऱ्या नानचा लचका तोडला आणि म्हणाला, "एकट्याला एवढ्या लांब धाडायचं नसतं." त्याचा आवाज आम्ही कित्येक वर्षांत इतका स्पष्ट ऐकला नव्हता. आवाज चांगला होता, पण त्याची किंमत सगळ्यांना पुढे मोजावी लागली.

तोश्मातची नान सालोमतने याच ओसरीच्या खांबावरच्या खुंटीला, बरोबर माझ्यासमोर टांगली. "बत्तीस वर्षं मी सांगत होते. आता नान सांगेल," एवढंच ती म्हणाली. मला फेकून द्यावं असं होल्मुरोदचं मत होतं. मुअल्लिम म्हणाला, "राहू दे. ज्याला सोडून जायचं त्याचं तोंड दिसलं पाहिजे." म्हणून मी राहिलो. रिकामा. रिकामं राहणं हेही काम असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आणि ते भडक्यापेक्षा जड होतं.

पुढचे दिवस वाईट गेले.  तोश्मातच्या हातातून पाने-पकडी पडत, दारं आपटत, आणि एकदा त्याने कोंबडीला अशी शिवी दिली की ती दोन दिवस अंडं घालेना. पण दोस्तांनी दिवस वाटून घेतले होते. सकाळी एर्गाश गरम नान घेऊन येई आणि बोलायला लागे. तोंड मोकळं झाल्यापासून त्याच्यात तुंबलेलं सगळं बाहेर पडत होतं: तंदूरची माती, व्याह्यांचा स्वभाव, चंद्रावर पाणी आहे की नाही. तोश्मात म्हणायचा, "मुअल्लिम, सिगारेट सोडतो, पण याला परत तंबाखू द्या." दुपारी जेवणानंतर तलफ सर्वांत जोरात येते, तेव्हा होल्मुरोद वस्तरा घेऊन हजर. रोज दाढी. वाढलेली असो नसो. "तोंडभर साबण असलेल्या माणसाला सिगारेट ओढता येत नाही," हे त्याचं शास्त्र. महिन्याभरात तोश्मातचे गाल नवरदेवासारखे झाले. आणि दिवस कलायला लागला की मुअल्लिम खिशातून जर्दाळूच्या बिया काढी, मिठात आणि राखेत भाजलेल्या. दोघं त्या फोडून खात आणि टरफलं माझ्यात टाकत. नशीब बघा मित्रांनो, सिगारेट सुटली तरी माझी राख काही सुटली नाही.

तेविसाव्या दिवशी घरात कुणी नव्हतं. तोश्मातने कर्णा काढला आणि फुंकला. आवाज निघाला, थोडा चढला आणि मध्येच तुटला. त्याने पुन्हा फुंकला. पुन्हा तुटला. तो खाली बसला. मग कर्ण्याच्या पिशवीच्या अस्तरातून त्याने एक चपटी झालेली सिगारेट काढली. नानकडे पाठ करून बसला आणि ओढली. माझ्या खाचेत तिची ऊब पोचली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांची सवय मलाही होतीच. थोटूक विझलं तेव्हा मात्र तो असा वाकून बसला होता की मला माझे तीन भाऊ आठवले, भंगाराच्या ढिगावर टाकलेले.

त्याला ते थोटूक नाल्यात टाकता आलं असतं. टाकलं नाही. शुक्रवारी होल्मुरोदकडच्या गश्तकात त्याने मला पिशवीतून काढून सरळ जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवलं, द्राक्षांच्या आणि नानच्या मधोमध, थोटकासकट.

"माझी नान उतरवा," तो म्हणाला. "गाईला घाला. मला नाही जमत."

कुणी पियाल्याला हात लावला नाही. मुअल्लिम माझ्यात डोकावला. मग हळू आवाजात म्हणाला, "प्रवासाला गेलेला वाटेत घसरून पडला, तर घरच्यांनी त्याची नान उतरवायची असते का?"

मुअल्लिमने मला तोश्मातकडे सरकवलं.

"माझ्या धाकट्याचा फोन वर्षवर्ष बंद असतो. काय करतो, कुठे पडतो, मला काय माहीत? मी नान उतरवली? चल, धूळ झटक आणि पुढे हो."

तेव्हा एर्गाशने डोक्यावरची टोपी काढली. टोपीच्या आत हिरव्या तंबाखूची पुडी होती. ती त्याने माझ्या शेजारी ठेवली.

"तूसुद्धा?" होल्मुरोद ओरडला. "कधीपासून?"

"आठवडा झाला."

"मग इतकं बोलत कसा होतास?"

"गालात सरकवून."

पहिल्यांदा मुअल्लिम हसला. मग सगळे हसले, तोश्मात हसता हसता खोकला आणि खोकता खोकता रडला. होल्मुरोदने थोटूक आणि पुडी दोन्ही चुलीत टाकली, मला आत नेऊन राख आणि मातीने घासलं आणि म्हणाला, "आजपासून दाढी दिवसातून दोनदा."

शरदात मोहीराचं लग्न झालं. पाहुण्यांना दिसू नये म्हणून मला टरफलांसकट अंगणातल्या मोठ्या खाटेखाली सारलं होतं, त्यामुळे मला बुटांशिवाय काही दिसलं नाही. सनई थांबली. डफ थांबला. तोश्मातचे बूट मी ओळखत होतो. ते दोन पावलं पुढे आले आणि रोवून उभे राहिले. जन्मभर फुंकेवर जगलेल्या माझ्यासारख्याला फुंकेची लांबी डोळ्यांनी बघावी लागत नाही. आवाज निघाला, चढला, जिथे तुटायचा तिथे आला आणि त्याच्या पुढे गेला. पूर्वीइतका लांब नव्हता. पूर्वीच्या निम्मा असेल. पण अखंड होता, आणि नदीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "चला, पुलाव उतरला!" वासरू गप्प होतं.

पाहुणे गेल्यावर चौघं ओसरीवर बसले. मुअल्लिमने खांबावरची नान उतरवली, फुंकून धूळ झटकली. "आलास. खा आता."

तोश्मातने एक कडा चहात बुडवली, वाट पाहिली, एकच घास चावून खाल्ला. मग उठून नान परत खुंटीला टांगली.

"हे काय?" एर्गाशने विचारलं. "दगड झालाय तिचा, आणखी ठेवलीस तर दात पडतील."

"सगळी खाल्ली तर मला वाटेल पोचलो," तोश्मात म्हणाला. "एक घास वर्षाला. तुम्ही येत जा."

त्याला तीन वर्षं झाली. एर्गाश परत अस्पष्ट बोलायला लागला आहे. त्याची नान तो दर वर्षी नवी चावतो. मुअल्लिमच्या भिंतीवरची अजून तशीच आहे. तोश्मात अजूनही जेवणानंतर माझ्याकडे हात नेतो आणि मग बिया शोधतो. मी थकलोय, पण जागेवर आहे.

मित्रांनो, एक विनंती करतो आणि गप्प बसतो. तुमचा कुणी दोस्त निळा धूर सोडत असेल तर त्याला उपदेश करू नका, उपदेश ऐकून तो आणखी ओढतो आणि मीच भरतो. त्याच्याकडे जा. साबण लावा, बिया फोडा, नको तेवढं बोला. तो घसरला तर नान उतरवू नका. मी खराब झालो तेव्हा मला कापून माझं दुसरं काहीतरी करता आलं. तोश्मातला कापून त्याचं दुसरं काहीच झालं नसतं.

उद्या शुक्रवार. लग्नातला धरून चौथ्या घासाचा दिवस. सालोमतने मला सकाळीच घासून ठेवलंय.